पडसे आणि पडसाद

मित्रांनो, आधी काचेवरून नाक काढा. हो, तुम्हालाच म्हणतो आहे, निळ्या स्वेटरवाले! तुमच्या श्वासाची वाफ काचेवर बसते, मग ओघळते, आणि त्या ओघळात तुम्ही बोटाने चेहरे काढता. मला बघवत नाही. मागे एकदा या कपाटाला कुणीतरी चघळलेले च्युइंगम चिकटवून गेले होते. त्यावर दातांचे ठसे होते. ते काढायला आलेल्या माणसाने आधी नखाने खरवडले आणि उरलेला डाग थुंकी लावून रुमालाने पुसला. थुंकी लावून! वर "झालं चकाचक" म्हणून शीळ घालत निघूनही गेला.

मी एक निवृत्त आरसा आहे. माझ्यात कुणी भांग पाडलेला नाही की मुरुमे फोडलेली नाहीत, एवढे भाग्य माझ्या वाट्याला आले. अवकाशातून येणारे हादरे टिपणाऱ्या एका प्रचंड यंत्रात मी नोकरी केली. आता त्याच केंद्राच्या दाराशी, चहाच्या यंत्राशेजारी, मला मांडून ठेवले आहे. तुमच्या सहली येतात, बाई "हात लावू नका" म्हणतात, आणि तुम्ही हात लावता. असो. दोन पावले मागे सरका, म्हणजे सांगतो.

माझा जन्म भट्टीत झाला. तोंडाने मी परातीएवढा आणि जाडीने वीतभर. जगात मिळेल तेवढी शुद्ध काच माझ्यासाठी वितळवली होती. मला गुळगुळीत करण्याचे काम एका कारागिराकडे होते. तो पांढऱ्या झग्यात, टोपीत, मुखपट्टीत असा गुंडाळलेला असे की त्याचे नुसते डोळे दिसत. माझ्यासमोर तो एक शब्दही बोलला नाही, कारण बोलताना तुषार उडतात. त्याने महिनोन्महिने मला घासले, तपासले, पुन्हा घासले. आयुष्यात मला भेटलेला तो सर्वांत सुसंस्कृत माणूस. त्याच्यानंतर सगळा उतारच.

तिथून मला इथे आणले आणि काचेच्याच धाग्यांवर एका पोलादी टाकीत टांगले. टाकीतली हवा काढून घेतली. माझ्यापासून काही किलोमीटर लांब गेलेल्या नळीच्या दुसऱ्या टोकाला माझा जोडीदार टांगलेला होता. आमच्या दोघांमध्ये लेझरचा झोत ये-जा करायचा. काटकोनात अशीच दुसरी नळी होती. फार दूर कुठेतरी दोन महाकाय गोळे एकमेकांवर आदळले, की अवकाशातच लाट उठते. ती लाट आमच्यावरून गेली, की एक नळी किंचित लांब होते आणि दुसरी किंचित आखूड. किंचित म्हणजे किती? तुमच्या केसाची जाडी घ्या, नको, तुमचा केस नकोच. अणूच्या गाभ्याहूनही कमी, एवढे समजा.

टाकीत बसून माणसांचे बोलणे तुला कसे ऐकू आले, असे तुम्ही विचाराल. बाबांनो, अवकाशातली कुजबुज ज्याला कळते, त्याला शेजारच्या खोलीतली वटवट कळणार नाही? कोण टाच घासत चालतो, कोण खुर्ची करकरवतो, कोण जेवल्यावर ढेकर देतो, सगळे जमिनीतून माझ्यापर्यंत पोचायचे. माझ्या सोशिकपणाची कमाल आहे.

पहिली लाट टिपली, तेव्हा माझे केवढे कौतुक झाले! टाळ्या काय, मिठ्या काय. माझ्या नावाने केक कापला आणि त्याचा चुरा जमिनीवर तसाच ठेवून मंडळी घरी गेली. मग मुंग्या आल्या.

आता मुद्द्याचे ऐका. जे गोळे आदळतात, त्यांना कृष्णविवरे म्हणतात. त्यांच्यात जे पडते ते परत येत नाही, प्रकाशसुद्धा नाही. तिथे जमीन नाही, कवच नाही, आपटायला काहीच नाही. पण हे काही शास्त्रज्ञांना पटत नाही. ते म्हणतात, कशावरून? दुरून कृष्णविवरासारखा दिसणारा, पण आत टणक कवच असलेला दुसराच कसलातरी गोळा असेल. म्हणणे वाईट नाही. शंका घ्यावीच. पण मग ती तपासावी लागते. कुणी एक्स-रे दुर्बिणीतून बघतात, आत पडणारा वायू कशावर तरी आपटून भडका उडतो का. कुणी त्या गोळ्याच्या सावलीचे छायाचित्र घेऊन तिचे माप काढतात. आमच्याकडे पडसादांचा शोध चालायचा. आत कवच असेल, तर टकरीची लाट त्यावर आपटून पुन्हा पुन्हा उसळेल, आणि मोठ्या हादऱ्यामागून ठरावीक अंतराने छोटे छोटे हादरे येतील. विहिरीत ओरडल्यावर आवाज परत येतो, तसे. कवच नसेल, तर मागून काही येणार नाही.

पडसाद आहेतच, असे आमच्या केंद्राच्या सरांनी ऐन तारुण्यात सांगून ठेवले होते. त्यावर त्यांना मानमरातब मिळाले, शाली मिळाल्या, व्याख्याने मिळाली. तेव्हापासून ते पडसादांची वाट बघत होते. पाठीमागे सगळे त्यांना 'पडसादसर' म्हणत. माणूस हुशार, हे मी नाकारत नाही. पण पेनचे टोपण कानात फिरवायचे, आणि विचारात पडले की तेच टोपण दातात धरायचे! माझ्या टाकीवरच्या कॅमेऱ्याशी ते तासन्‌तास उभे राहत आणि टोपण चघळत. 

त्यांच्या हाताखाली त्यांची सख्खी भाची काम करायची. आईच्या माघारी मामानेच तिला शिकवले, मोठे केले आणि आपल्याच शास्त्रात आणले. केंद्रात ती त्यांना 'सर' म्हणायची, घरी 'मामा'. ती कोपरापर्यंत हात धुऊन यायची, एवढ्यावरच मला ती आवडली. पडसाद हा तिच्या प्रबंधाचा विषय, मामांनीच दिलेला. पडसाद सापडले तर तिला पदवी आणि इथली कायमची नोकरी मिळणार होती. नाही सापडले, तर तिची मुदत संपत आली होती आणि दुसरे दार कुठलेच उघडे नव्हते.

आणि आता तो प्रसंग, जो आठवला तरी माझ्या अंगावर शहारे येतात.

एका दुरुस्तीसाठी माझी टाकी उघडली होती. अशा वेळी नियम कडक असतात. झगा, टोपी, मुखपट्टी, दुहेरी हातमोजे, आणि माझ्या अंगावर ओणवे होऊन बोलायचे नाही. नेमके त्याच दिवशी कुणी बडे पाहुणे आले. सरांना माझ्याबरोबर त्यांचा फोटो हवा होता. मुखपट्टीत कोण कुठला ते कसे कळणार? म्हणून सरांनी मुखपट्टी हनुवटीवर ओढली आणि पाहुण्यांनाही ओढायला लावली. सरांना पडसे झाले होते. नाक लाल, डोळ्यांतून पाणी. फोटोवाल्याने "हसा" म्हटले, सरांनी तोंड उघडले, आणि...

मित्रांनो, मी सांगू शकत नाही. पण सांगतो. ते शिंकले. थेट माझ्या तोंडावर.

तिथे थंड पाण्याच्या पंपाची देखभाल करणारे गृहस्थ उभे होते. त्यांना सगळे पंपकाका म्हणत. ते पुढे झाले. "सर, आरसा पुसून घ्यायला लागेल हो. माणसं बोलवू का?"

"दिसतंय का काही?" सर नाक पुसत म्हणाले.

"दिसत नाही, पण..."

"दिसत नाही ना? मग लावा झाकण. पुसायला घेतलं तर आठवडा जाईल."

पंपकाकांनी झाकण लावले. खालमानेने लावले, पण लावले. हवा उपसली, लेझर सुरू झाला, आणि त्या लेझरच्या आचेने सरांचे पडसे माझ्या गालावर भाजून पक्के बसले. कॅमेऱ्यात ते एखाद्या चिमुकल्या ताऱ्यासारखे चमकू लागले. तारा कसला! शेंबूड होता तो.

पुढचे समजून घ्या. माझे काम एवढेच, आलेला प्रकाश सरळ परत पाठवायचा. पण त्या डागावर पडलेला थोडासा प्रकाश वाकडा उडायचा, नळीच्या भिंतीवर आपटायचा आणि भलत्या वाटेने परत यायचा. भिंत थंड पाण्याच्या पंपामुळे ठोका धरून हलायची. आजवर त्या हलण्याने माझे काही बिघडत नव्हते. आता त्या वाकड्या प्रकाशाबरोबर पंपाचा ठोका आमच्या नोंदींत शिरला. इतका बारीक, की मुद्दाम शोधल्याशिवाय कुणाला दिसला नसता.

आणि शोधणारे तर टपूनच बसले होते.

काही दिवसांनी एक जबरदस्त टक्कर टिपली गेली. सरांनी भाचीला सांगितले, "टकरीनंतरचं बघ. ठरावीक अंतरानं काही उमटतंय का बघ." तिने पाहिले. उमटत होते! टुक, टुक, टुक. सर खोलीभर नाचले. अंतर त्यांच्या जुन्या गणितात बसत नव्हते, तर त्यांनी गणित वाकवले. पंपाचा ठोका त्यांनी उचलला आणि विश्वाच्या गाभ्यात नेऊन बसवला. दुसऱ्या देशात आमच्यासारखेच यंत्र आहे. त्याने टक्कर टिपली, पण पडसादाचा मागमूस नव्हता. सर म्हणाले, "ते यंत्र बहिरं आहे." पत्रकारांना बोलावणी गेली. शोधनिबंधावर पहिले नाव भाचीचे घातले. मामाचे प्रेम खरेच होते. त्याचीच मला जास्त किळस आली, कारण ते प्रेम घेऊन तो माणूस तिला गटारात उतरवत होता आणि दोघांनाही पत्ता नव्हता.

मला ओरडता येत असते तर! माझ्या गालावर घाण आहे, पुसा ती, हे सांगायला मला तोंड नव्हते. तोंडभर प्रकाश तेवढा होता.

भाचीला मात्र चैन पडेना. घोषणेच्या आदल्या दिवशी सकाळी ती एकटीच नोंदी उघडून बसली. आतापर्यंत सगळ्यांनी टकरीनंतरचे क्षण चाळले होते. पडसाद म्हणजे नंतर येणारच, आधी कोण बघतो? हीच तर यांची चूक. पडसाद शोधणाराच ती करू शकतो. तिने टकरीच्या आधीचे क्षण काढले आणि त्यांना तीच चाळणी लावली.

टुक, टुक, टुक.

अजून मागे गेली. तिथेही तेच. हाक मारायच्या आधीच पडसाद येत होता.

ती मग उठून कॅमेऱ्यापाशी आली, माझ्याकडे पाहिले, तो चमकणारा ठिपका पाहिला, आणि पंपकाकांना हाक मारली.

"काका, आरशावर हा ठिपका कधीपासून आहे?"

काकांनी खाकरून घेतले. "ते पाहुणे आले होते ना, तेव्हापासून."

"कसला आहे?"

"सरांचा."

"सरांचा म्हणजे?"

"आता कसं सांगू ताई तुम्हाला," काका जमिनीकडे बघत म्हणाले, "सरांना पडसं झालं होतं."

 मग तिला हसू फुटले. "पडसाद नाही... पडसं!" एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. हसता हसता तिचे डोळे वाहू लागले आणि नंतर ते हसण्याचे राहिले नाही. तिने ते बाहीने पुसले नाही. रुमाल काढला. मी तिथेच तिला मनोमन सलाम केला.

दुपारी ती पंपकाकांना घेऊन सरांच्या खोलीत गेली. ती खोली माझ्या टाकीला लागूनच होती. सर उद्याचे भाषण मोठ्याने वाचत होते.

"सर, ते आपल्याच यंत्रातलं आहे. टकरीच्या आधीही आहे."

"योगायोग असेल."

"प्रत्येक वेळी?"

"अगं, उद्या जग बघणार आहे आपल्याकडे. या क्षणासाठी तुला तयार केलं मी. आणि तू आदल्या दिवशी शंका काढतेस?"

"मामा, शंका काढायलाच तर तुम्ही शिकवलंत."

"इथं मी मामा नाही!" सरांनी टेबलावर हात आपटला. कप उडाला आणि चहा जमिनीवर सांडला. कुणी पुसला नाही.

"बरं. मग सर, चालू नोंदींच्या पडद्यासमोर बसा. काका, पंप बंद करा."

पंपकाकांनी एकदा सरांकडे पाहिले, एकदा तिच्याकडे, आणि जाऊन पंप बंद केला. भिंत शांत झाली. मला कितीतरी दिवसांनी बरे वाटले. पडद्यावरचे टुक टुक विझले.  तिने हात वर केला, काकांनी पंप सुरू केला, टुक टुक परत आले. पुन्हा बंद, पुन्हा गायब.

"अजून एकदा करू?" तिने विचारले.

"नको." सर पडद्यावरून वळले. मग ते म्हणाले, "तुझं काय होईल ते कळतंय का तुला? पदवी नाही, नोकरी नाही. हे आपल्या तिघांशिवाय कुणाला माहीत नाही."

ऐकलेत, मित्रांनो? शिंक एक वेळ सहन होते. ती माणसाच्या हातात नसते. पण हे वाक्य त्यांनी पूर्ण शुद्धीत, नाक स्वच्छ असताना उच्चारले. माझ्या अंगावर आजवर पडलेल्या सगळ्या घाणीत ते सर्वांत घाण होते.

"मला माहीत आहे ना," ती म्हणाली. "पुरे झालं की."

दुसऱ्या दिवशी सभागृहात सर गेलेच नाहीत. त्यांची तब्येत बरी नाही, असे कळवण्यात आले. भाची एकटी व्यासपीठावर चढली आणि तिने सांगितले की आम्हाला पडसाद सापडले नाहीत, जे सापडले तो आमच्या आरशावरचा डाग आणि आमचा पंप आहे. डाग कशाचा, हे एका पत्रकाराने विचारले. ती म्हणाली, "आमच्या निष्काळजीपणाचा." मामाची लाज तिने तेवढी राखली. मी राखली नसती. लोक हसले, कुजबुजले, फुकटचे खाऊन गेले.

मग माझी टाकी उघडली. पांढऱ्या झग्यातली माणसे आली. त्यांनी मला पुसले, धुतले, पुन्हा पुसले. डाग निघेना. तो माझ्या मुलाम्यात जळून आत गेला होता. तिच्या खरे बोलण्यामुळे उघडलेली ती टाकी माझ्याही नोकरीचा शेवट ठरली. मला धाग्यांवरून उतरवले आणि माझ्या जागी नवा, कोरा आरसा टांगला. माझ्या कपाटावर पाटी लावली आहे, वाचा: 'नैसर्गिक झीज झाल्याने सेवानिवृत्त.' नैसर्गिक! सरांनी स्वतः मजकूर लिहून दिला. शी!

भाचीची मुदत संपली. तिला कुणी वाढवून दिली नाही. दूरच्या एका शाळेत शिकवू लागली, असे चहाच्या यंत्रापाशी बोलले जायचे. बहिरे म्हणून हिणवलेल्या त्या दुसऱ्या यंत्राची माणसे मात्र तिचे भाषण विसरली नव्हती. त्यांनी हट्ट धरला, की यापुढे पडसादांची चाळणी टकरीच्या आधीच्या क्षणांनाही लावायची आणि ते काम तिनेच करायचे. तेव्हा कुठे तिला परत बोलावले. पदवीशिवायच.

मागच्याच आठवड्यात नवी टक्कर टिपली गेली. पूर्वीच्या सगळ्या टकरींहून मोठी. सगळे इथे, माझ्यासमोर, चहाचे कप घेऊन तिची वाट बघत उभे होते. सरही होते. आता ते काठी टेकत चालतात. ती दार उघडून आली, तेव्हा सगळ्यांच्या आधी त्यांनीच विचारले.

"मिळालं का काही?"

"आधीचं पाहिलं, नंतरचं पाहिलं, दोन्ही यंत्रांचं पाहिलं," ती म्हणाली. "काही नाही, मामा."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. कवच असेलच, तर निदान आपल्याला ऐकू येईल असं तरी नाही. पण या वेळचं 'नाही' खरं आहे."

सरांनी मान हलवली. तोंडात घातलेले पेनचे टोपण काढून त्यांनी खिशात टाकले. "नीट पाहिलंस," एवढेच ते म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले. माफी मागितली नाही. तिने अपेक्षाही केली नसावी.

मित्रांनो, माझे आयुष्य शुद्धतेच्या ध्यासात गेले आणि मला बहुतेक घाणच बघायला मिळाली. पण तिच्या तोंडून निघालेले ते 'काही नाही' मी ऐकले. इतकी स्वच्छ गोष्ट मी भट्टीतून निघाल्यापासून पाहिली नव्हती. म्हणून एक विनवणी करतो. तुम्हाला जे हवे आहे, नेमके तेच समोर दिसू लागले, तर नाचण्यापूर्वी थांबा आणि जिथे ते असूच शकत नाही तिथेही एकदा बघा. तिथेही तेच दिसले, तर दोष आकाशाचा नाही. काच पुसा. पुसून झाल्यावर काहीच उरले नाही, तरी ते चारचौघांत मोठ्याने सांगा.